नंबर थोरलीला लागलाय, पण घाई धाकट्याची आहे

डोंबिवलीहून एका आईचं चार पानी पत्र आलंय. त्याचा गोषवारा असा. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. फळ्यावरचं न बघता ती शेजारणीच्या वहीतून उतरवते, असं बाईंनी सांगितलं आणि चौदा महिन्यांपूर्वी दोन्ही डोळ्यांना मायनस 1 नंबर निघाला. आता तो मायनस 2.25 झालाय. नंबर वाढायचा वेग कमी करायला डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत: रोज रात्री घालायचे थेंब, किंवा खास भिंगांचा चष्मा. घरात एकमत नाही. सासूबाई म्हणतात, चष्म्यानंच नंबर वाढतो, फक्त शाळेपुरता लावा. आणि मुलीची जात, जाड भिंगं लागली तर पुढे स्थळं बघताना अडेल. यजमानांना स्वतःला मायनस 8. ते म्हणतात, ‘माझं काय अडलं?’ नाक्यावरचे चष्मेवाले म्हणतात, ‘अर्धा नंबर कमी देऊ, डोळ्याला सवय नको.’ वर्गातली मुलं ‘ढापणी’ म्हणतात म्हणून मुलगी मधल्या सुट्टीत चष्मा दप्तरात टाकते. धाकटा मुलगा सहा वर्षांचा. त्याचीही तपासणी झाली, डोळ्याचा ताण सैल करणारे तपासणीपुरते थेंब घालून, प्लस 0.25 आला, ‘नंबर नाही’ म्हणाले, तेवढाच दिलासा. त्याला जूनपासून ताईच्याच अबॅकसला घालायचंय. आईच्या मनात मात्र एकच घोळतंय: लॉकडाउनमध्ये कामं उरकायला मुलीच्या हातात मोबाइल दिला, त्याचंच हे फळ. आता घरातला मोबाइल बंदच केला तर नंबर थांबेल का?

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या पानाच्या मागे तुम्ही मुलीच्या दिवसाचा तक्ता लिहिलाय, तो मी सगळ्यात आधी वाचला. आठ ते साडेनऊ स्कॉलरशिपचा क्लास, मग गृहपाठ, आंघोळ, जेवण, साडेबाराची शाळा, सहाला घरी, साडेसहा ते आठ अबॅकस नाहीतर कथ्थक. पेन्सिल घेऊन मी त्यात उजेडातली मिनिटं शोधत बसले. गेटपाशी व्हॅनची वाट बघताना दहा. मधली सुट्टी वीस मिनिटांची, पण ‘डबा वर्गातच खातात’ हे तुम्हीच लिहिलंय. रविवारी मॉल. सगळं मिळून आठवड्याला तास-दीड तास. मोबाइलवर तुम्ही चार पानं लिहिलीत आणि ह्या रिकाम्या रकान्यावर एक ओळही नाही.

मी डॉक्टर नव्हे. सत्तावीस वर्षं लोकांना ‘हे स्पष्ट की हे?’ विचारत नंबर काढणारी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. औषध कुठलं आणि किती, ते तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण तुमच्या प्रश्नाची मांडणीच थोडी हलवावी असं मला वाटतं, म्हणून हे लांबण.

आधी मोबाइल. तो निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. दोन वितींच्या आत धरून तासन्‌तास बघायची कुठलीही गोष्ट वाढत्या डोळ्याला चांगली नाही, मग तो मोबाइल असो, गोष्टीचं पुस्तक असो की अबॅकसची शीट. पण सिडनी आणि सिंगापूरमधल्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना 2008 साली प्रसिद्ध झाली, ती ऐका. दोन्हीकडची मुलं चिनी वंशाचीच, आईवडिलांच्या चष्म्यांचं प्रमाणही जवळपास सारखं. सिंगापूरमध्ये 29.1 टक्के मुलांना मायनस नंबर, सिडनीत 3.3 टक्के. गंमत म्हणजे सिडनीची मुलं आठवड्याला पुस्तकं जास्त वाचत होती. फरक पडला तो बाहेर असण्यात: सिडनीत आठवड्याला जवळजवळ चौदा तास, सिंगापूरमध्ये तीन. आपल्याकडे दिल्लीत एम्सच्या डॉक्टरांनी शाळकरी मुलं तपासली तेव्हा 13.1 टक्क्यांना मायनस नंबर निघाला आणि रोज दोन तासांहून जास्त वेळ बाहेर खेळणाऱ्यांत तो कमी होता.

लॉकडाउनचं म्हणाल, तर चीनमध्ये 2020 साली सहा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण 21.5 टक्के निघालं. आधीच्या पाच वर्षांत ते 5.7 च्या वर गेलं नव्हतं. ती तपासणी थेंब न घालता झालेली, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असणार. पण त्या काळात मुलांच्या हाती मोबाइल आला तसंच पायाखालचं अंगणही गेलं. त्यातलं किती कशामुळे, हे कुणीच सोडवून सांगू शकणार नाही. तुमची मुलगी तेव्हा चार वर्षांची, वडिलांना मायनस 8, घर तिसऱ्या मजल्यावर. हा सगळा दोष तुम्ही एकटीच्या पदरात बांधून घेतलाय, तो सोडा.

आता नंबर म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जन्मतः डोळ्याचा गोळा मागे-पुढे साधारण 17 मिलिमीटर असतो, मोठेपणी साडेतेवीसच्या आसपास. काहींचा त्याहून लांबट वाढतो. मग लांबच्या वस्तूचं चित्र डोळ्याच्या मागच्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच जुळतं आणि लांबचं धूसर दिसतं. एक मिलिमीटर जादा लांबी म्हणजे ढोबळमानानं अडीच ते तीन नंबर. डोळा एकदा लांबला की आखूड होत नाही. लेझरनं पुढची काच घासून चष्मा उतरतो, डोळा लांबचा लांबच राहतो.

यजमानांच्या ‘माझं काय अडलं’चं उत्तर ह्यातच आहे. लांबलेल्या डोळ्याचा मागचा पडदा ताणून पातळ होतो. मायनस 6 च्या पलीकडे पडदा सुटणं, मध्यभागाची झीज, काचबिंदू ह्यांचा धोका चांगलाच वाढतो. त्यांचं अजून काही अडलेलं नाही, छान आहे. पण त्यांनी बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी शेवटची कधी केली? बहुतेक कधीच नाही. असे लोक दर दोन वर्षांनी फक्त फ्रेम बदलतात. डोळ्यासमोर एकदम विजा चमकल्या, काळे ठिपके भसाभस वाढले किंवा कडेनं पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, ‘रविवारी बघू’ नाही, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं बसवा. लेकीचा नंबर 8 वर न जाता 5 वर थांबला तर काय मिळालं, हे त्यांना विचारायचं असेल तर 2019 मधला एक हिशेब हाताशी ठेवा: एक नंबर जरी कमी राहिला, तरी पडद्याच्या मध्यभागाच्या झिजेचा धोका सुमारे 40 टक्क्यांनी उतरतो. चष्मा राहणारच आहे. खटपट तो छोटा राहावा म्हणून.

सासूबाईंना दुखवू नका, पण ऐकूही नका. त्यांनी बघितलेलं खोटं नाही: चष्मा लागतो आणि नंबर वाढतो. तो वाढायच्या वयातच चष्मा लागतो, म्हणून तसं दिसतं. पायजमा घातल्यानं उंची वाढत नाही. कमी नंबर देण्याची युक्ती तर तपासूनच झाली आहे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मलेशियात काही मुलांना पूर्ण आणि काहींना मुद्दाम कमी नंबरचे चष्मे देऊन दोन वर्षं पाहिलं. ज्यांना कमी दिला त्यांचाच नंबर जास्त वाढला. नाक्यावरच्या दादांना माझा नमस्कार सांगा आणि चष्मा पूर्ण नंबरचाच घ्या, दिवसभर लावायला.

मुलीचा वेग मात्र मला आवडलेला नाही. चौदा महिन्यांत सव्वा नंबर, तोही नवव्या वर्षी. वयाबरोबर वेग मंदावतो, पण पंधरा-सोळापर्यंत नंबर वाढत राहतो, म्हणजे अजून बरीच वर्षं हातात आहेत, आणि नंबरच्याही. ‘सहा महिने थांबून बघू’ हा तिसरा पर्याय तुम्ही पत्रात हळूच घुसवलाय, तो मी खोडून टाकला असता.

थेंब की भिंगं? थेंब ॲट्रोपिनचे, अगदी सौम्य केलेले. रात्री झोपताना एकेक. सोपे आणि त्या मानानं स्वस्त, पण वर्षानुवर्षं घालावे लागतात. किती तीव्रतेचे, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. हाँगकाँगमध्ये 0.01, 0.025 आणि 0.05 टक्के अशी तुलना झाली, त्यात 0.05 सगळ्यात गुणकारी ठरला. अमेरिकेतल्या 2023 च्या एका चाचणीत 0.01 टक्क्याच्या थेंबांत आणि औषध नसलेल्या थेंबांत फरकच दिसला नाही. तीव्रता वाढली की काही मुलांना उन्हाचा त्रास होतो, जवळचं किंचित धूसर होतं. मनानं एकदम बंद करायचे नाहीत. जास्त तीव्रतेचे अचानक सोडले तर नंबर उसळी घेऊ शकतो.

खास भिंगं म्हणजे मधोमध साधा नंबर आणि भोवती मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक-बारीक भिंगं. उजेडात तिरकी धरली की ठिपके दिसतात. हाँगकाँगमध्ये आठ ते तेरा वर्षांच्या मुलांवर दोन वर्षं चाचणी झाली, त्यात नंबर वाढायचा वेग साध्या चष्म्याच्या निम्म्यावर आला. किंमत साध्या भिंगांच्या कित्येक पट, आणि चौथीतल्या मुलीचा चष्मा वर्षातून एकदा तरी बेंचाखाली चिरडतोच, तोही खर्च धरा. पण खरी अडचण पैशांची नाही. जागेपणी सगळा वेळ लावला तरच ती भिंगं काम करतात, आणि तुमची लेक चष्मा दप्तरात टाकते. म्हणून मी तुमच्या जागी असते तर थेंबांपासून सुरुवात केली असती, साधा पूर्ण नंबरचा चष्मा सोबत, आणि सहा महिन्यांनी डोळ्याची लांबी मोजून पुढचं ठरवलं असतं. दुसऱ्या एखाद्या घरी, जिथे पोर सकाळी उठल्याबरोबर उशीखाली चष्मा चाचपतं, तिथे मी भिंगांकडे झुकले असते. दोन्ही एकत्रही देतात. रात्री घालून झोपायच्या कडक लेन्स, दिवसाच्या खास लेन्स असंही असतं, पण त्यात स्वच्छतेची शिस्त लागते. नळाच्या पाण्यानं लेन्स धुणारी पोरं मी पाहिली आहेत. इतक्यात नको.

आता धाकटा. त्याच्याबद्दल तुम्ही अडीच ओळी लिहिल्यात आणि माझं मन तिथेच अडकलंय.

लहान मुलाच्या डोळ्यात थोडा प्लस असतो, असायलाच हवा. डोळा अजून आखूड आहे, वाढायला वाव आहे, असा त्याचा अर्थ. ती गाठीची शिल्लक समजा. वय वाढतं तशी ती खर्च होते आणि मोठेपणी शून्याच्या आसपास येऊन थांबली तर उत्तम. सहाव्या वर्षी, थेंब घालून, ती निदान 0.75 च्या वर असावी. तुमच्या मुलाकडे 0.25 उरलाय. म्हणजे आजच्या तारखेला नंबर नाही हे खरं, पण शिल्लक जवळजवळ संपली आहे. त्यात वडिलांना 8, बहिणीला आठव्या वर्षाच्या आतबाहेर लागलेला. धोका मोजायचा तर ह्याच गोष्टी मांडायच्या: वयाच्या मानानं उरलेला प्लस, आईवडिलांचे नंबर, आणि दिवस कुठे जातो. नंबर जितक्या लवकर लागेल, तितकी वाढायला वर्षं जास्त. त्याला नंबर लागणं दोन-तीन वर्षं पुढे ढकललं गेलं, तरी मोठी कमाई आहे.

आणि ढकलण्याचा सगळ्यात भरवशाचा उपाय फुकट आहे. चीनमध्ये ग्वांगजौच्या काही शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटांचा मैदानावरचा एक जादा तास दिला. तीन वर्षांनी नवा नंबर लागलेली मुलं त्या शाळांत 30.4 टक्के होती, बाकीच्या शाळांत 39.5 टक्के. तैवाननं 2010 पासून शाळाशाळांत रोज 120 मिनिटं बाहेर असा कार्यक्रमच लावला. नंबर लागायच्या आधी ह्या उपायाचा जोर जास्त असतो, लागल्यावर पुरावा तितका पक्का नाही. म्हणून म्हणते, मैदानाची खरी निकड धाकट्याला आहे आणि तुम्ही त्याला जूनपासून अबॅकसला बसवताय. नका बसवू. निदान दोन वर्षं तरी नको. सात गुणिले आठ किती हे त्याला शाळेतही कळेल.

बाहेर म्हणजे काय, हे नीट सांगते, कारण इथे लोक चुकतात. खेळ महत्त्वाचा नाही, उजेड महत्त्वाचा आहे. ट्यूबलाइटच्या खोलीत शंभर-तीनशे लक्स (उजेड मोजायचं माप) असतात, झाडाच्या सावलीत काही हजार, भर उन्हात लाखाच्या घरात. त्या उजेडानं डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि ते गोळ्याच्या लांबण्याला आवर घालतं, असं मानतात. म्हणून रात्री आठला सोसायटीत दिव्याखाली क्रिकेट खेळलं तर पाय दमतात, ह्या कामाला त्याचा उपयोग नाही. उलट सकाळी झाडाखाली बसून नुसतं शेंगा सोलल्या तरी चालतं. मे महिन्यात बाराच्या उन्हात पोरांना कुणी भाजायला सांगत नाही. सावली, टोपी चालते. ‘उन्हात काळी पडेल’ ही सासूबाईंची पुढची हरकत असणार, पत्रात नाही तरी मला ऐकू येते आहे. आणि पावसाळा? ढगाळ दिवशीही बाहेर घरापेक्षा कितीतरी पट उजेड असतो. छत्री घ्या.

तुमच्या नशिबानं शाळा दुपारची आहे. हे वरदान तुम्ही स्कॉलरशिपच्या क्लासला देऊन टाकलंय. तो क्लास संध्याकाळी साडेसहाच्या, अंधाराच्या तुकडीत होतो का विचारा. मुलीचंही अबॅकस सोडलं की त्या दिवशी ती वेळ मोकळीच आहे. मग सकाळी आठ ते साडेनऊ दोघंही खाली. मैदान नाही हे डोंबिवलीत सांगायला नको, पण गच्ची आहे, पार्किंगच्या कडेची पट्टी आहे. आजीला खुर्ची टाकून तिथे बसवा. त्यांचंही ड जीवनसत्त्व आणि दोन घरच्या गप्पा होतील. शाळा पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे म्हणता, तर व्हॅन बंद करून चालत न्या, निदान जाताना. पालक सभेत ‘डबा वर्गात का?’ हा प्रश्न एकदा विचारा. तुम्ही विचारलात तर आणखी चारजणी माना डोलावतील. दोन तास भरले नाहीत तर दीड भरले म्हणून समाधान माना. आज दहा मिनिटं आहेत.

मोबाइल कायमचा बंद करू नका. तुम्ही स्वतः वर्क फ्रॉम होम करता, चार दिवसांत नियम मोडेल आणि मुलं तुम्हाला खोटं समजतील. जेवताना नाही, पांघरुणाखाली नाही, आणि बघायचंच तर टीव्हीवर, लांबून. वाचताना कोपर टेबलावर टेकवून मूठ हनुवटीला लागते तेवढं अंतर, आणि अर्ध्या तासानं उठून गॅलरीत एक फेरी. बदाम-बडीशेप-खडीसाखर खुशाल द्या, गाजरही द्या, चवीला छान लागतं. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, पण नंबर गाजरानं उतरत नाही. डोळे गोल फिरवायचे व्यायाम, मोबाइलवर दिसणारे ‘तीस दिवसांत चष्मा उतरवा’वाले, ह्यांच्यावर पैसे घालवू नका.

तपासणीचं एक. दुकानातल्या मशीनमध्ये रस्त्याच्या टोकाला फुगा दिसतो ना, तो बघताना मुलं डोळा नकळत ताणतात आणि मायनस खोटाच वाढीव येतो. म्हणून दोघांचीही तपासणी दर सहा महिन्यांनी, थेंब घालून. सोबत डोळ्याची लांबी मोजून घ्या, दरवेळी त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर, आणि आकडे एका वहीत. इतर वाचकांपैकी कुणाचं मूल टीव्हीला चिकटत असेल, डोळे बारीक करून बसचा नंबर वाचत असेल, किंवा दोन्ही पालकांना चष्मा असेल, तर शाळेच्या शिबिराची वाट न बघता पहिलीच्या आधी एकदा अशी तपासणी करून घ्या. आणि ‘नंबर नाही’ एवढं ऐकून उठू नका, प्लस किती उरलाय ते कागदावर लिहून मागा.

‘ढापणी’चं काय करायचं, हे तुम्ही शेवटच्या ओळीत, उगाच विचारल्यासारखं विचारलंय. मागची फ्रेम कुणी निवडली होती? ‘टिकाऊ म्हणून ह्यांनी काळी घेतली’ असं तुमच्या पत्रात आहे. ह्या वेळी दुकानात तिला काउंटरच्या आत जाऊ द्या, वीस फ्रेमा नाकावर चढवू द्या. तिनं जांभळी, चमचमती, तुम्हाला अजिबात न आवडणारी एखादी उचलली की गप्प राहा, फक्त ती नाकावरून घसरत नाही ना आणि कानामागे टोचत नाही ना, एवढं बघा. अशा मुली मधल्या सुट्टीत चष्मा दप्तरात टाकत नाहीत. निदान माझ्या दुकानात आलेल्या तरी नाही टाकत. उलट दुसऱ्याच आठवड्यात तिची मैत्रीण, नंबर नसताना, ‘मला पण असाच’ म्हणून आईला ओढत घेऊन येते.